जाळी कुणाची?

अल गराफात एक व्हिला होता. मालक कतारी, तळमजल्यावर सोलापूरचं कुटुंब, वरती केरळचं. अंगणात तीन गाड्या लागत, आणि कोपऱ्यात पाणी जायला लोखंडी जाळी होती.

कतारात उत्तरेचा शमाल वारा सुटला की गाड्यांखाली बोटभर वाळू साचते. ती हळूहळू जाळीवर सरके. सोलापूरकर म्हणे, "भाडं भरतो, झाडणं मालकाचं." मालक म्हणे, "गाडी तुझी, वाळूही तुझी." अगदीच खोटं कुणाचंच नव्हतं. २००८ सालच्या भाडेकायद्यात दुरुस्ती मालकाकडे आहे, जागा नीट राखणं भाडेकरूकडे. वाळू कशात धरायची ते ज्यानं त्यानं सोयीनं ठरवलं. शिवाय वर्षाकाठी जेमतेम सत्तर-ऐंशी मिलिमीटर पाऊस! जाळीकडे बघतो कोण? ऑक्टोबर २०१८ मध्ये दोह्यात एका दिवसात वर्षाचा पाऊस कोसळला होता, तोही सगळे विसरले होते.

जानेवारीत एका रात्री पाऊस आला. सकाळी गाड्यांची निम्मी चाकं पाण्यात. सोलापूरकरानं फोटो काढून मालकाला पाठवला. मालकानं उलट करारनाम्याच्या पानाचा फोटो पाठवला. वरचा शेजारी ड्यूटीचे बूट हातात घेऊन जिन्यात उभा.

व्हिजिट व्हिसावर आलेली सोलापूरकराची आई साडी खोचून पाण्यात उतरली. हाताशी आलं ते उलथनं घेऊन तिनं जाळी खरवडली. भिजलेली वाळू नुसता गिलावा झाली होती. त्यात बिस्किटाची वेष्टनं, खजुराच्या बिया. निम्मं पाणी गेलं आणि थांबलं. खालचा पाइपच खचला होता.

"वाळू आपली होती, काढली," आई म्हणाली. "पाइप त्याचा, त्याला बोलाव. आणि आधी पाणी काढा रे, हिशेब कोरड्यात बसून करा."

मालक आला. मोकळी जाळी बघितल्यावर वाळूचा विषय काढायची सोयच उरली नाही. दुपारच्या नमाजाआधी प्लंबर आला, पैसे मालकानंच दिले. जाताना त्यानं आईला खजुराचा डबा दिला.

आता फाटकामागे एक खराटा असतो. शुक्रवारी ज्याला आधी जाग येईल तो झाडतो. खराट्याचे दहा रियाल कुणी द्यायचे, यावर मात्र मालक-भाडेकरूंची बोलणी अजून चालू आहेत.