उरलेली कातडी

तीस-चाळीस किलो वजन उतरवलेल्या माणसाला नाशकात पहिला प्रश्न येतो तो ‘शुगर निघाली का?’ हा. मग ‘गाल किती बसलेत’, ‘आता पुरे कर बाई’ अशी काळजी सुरू होते. कपड्यांच्या आत काय झाले आहे ते कोणी विचारत नाही आणि तो माणूसही आपणहून सांगत नाही. पोटावरची कातडी मांडीवर आली आहे, दंडाखाली झोळ पडला आहे, छाती ओघळली आहे. वजन उतरल्याच्या कौतुकात हे कुठे बसत नाही, म्हणून त्याबद्दल बोललेही जात नाही. ते बोलले पाहिजे, आणि आजारावर बोलतो तितक्याच मोकळेपणाने बोलले पाहिजे, असे मला वाटते.

नाशिक हे व्यायामाचे कौतुक असणारे शहर आहे. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटेपासून माणसे असतात. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेले दोन वेळचे जेवण गावोगाव पोहोचले. कोणी बॅरिॲट्रिक, म्हणजे लठ्ठपणावरची, शस्त्रक्रिया करून घेतात. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत भराभर वजन उतरलेली माणसे आपल्याला अधिक दिसतील.

अशा वातावरणात सैल कातडीचा अर्थ फार लवकर लावला जातो : व्यायामात कसूर केली असणार. हा समज खोटा आहे. कातडीला ताण देणारे आणि परत आणणारे कोलॅजेन व इलॅस्टिनचे तंतू वर्षानुवर्षे ताणले गेले की तुटतात. मग आतली चरबी गेली तरी वरची कातडी आकसत नाही. ती किती आकसेल हे वयावर, लठ्ठपणा किती वर्षे होता यावर, किती किलो उतरले यावर, उन्हावर आणि सिगारेटवर ठरते. थोडी आनुवंशिकताही असते. वजने उचलून स्नायू भरतात, दंड-मांड्यांत थोडा फरक पडतो. पण पोटावरून लोंबणारा पदर कितीही सूर्यनमस्कार घातले तरी आत जात नाही. बाजारातल्या कोणत्याही क्रीमने तर नाहीच.

त्रास नुसता आरशापुरता नाही. घडीत घाम साचतो, कातडी कातडीला घासते, बुरशी धरते. पावसाळ्यात ती जागा चिघळते, वास येतो. बाईच्या परकराची नाडी नेमकी त्याच घडीत रुतते. पावडर, मलम, पुन्हा पावडर हा क्रम महिनोन् महिने चालतो. चालताना पोट हिसके देते म्हणून ज्याने चालून वजन उतरवले त्याचेच चालणे कमी होते. आणि स्वतःच्याच माणसासमोर दिवा मालवूनच कपडे बदलणे सुरू होते. याला क्षुल्लक म्हणायला माझे मन तयार नाही.

ही उरलेली कातडी काढायची तर प्लास्टिक सर्जरी लागते, आणि इथे विम्याचा नियम आडवा येतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या गोष्टींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला त्यात वाट आहे : बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार यांसारखा गंभीर आजार. प्लास्टिक सर्जरी मात्र वगळली आहे. अपवाद अपघात, भाजणे आणि कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा आरोग्याला असलेला ‘थेट आणि तातडीचा’ धोका दूर करण्यासाठी ती आवश्यक असेल तर. दर पावसाळ्यात चिघळणारी घडी थेट आहे, पण तातडीची ठरत नाही. म्हणजे एका आजाराच्या उपचाराचा पहिला भाग मेडिक्लेममध्ये आणि त्याच उपचारातून उरलेला दुसरा भाग हौसेच्या खात्यात. ही रेघ चुकीच्या जागी ओढली आहे.

प्लास्टिक सर्जरीच्या शास्त्राची सुरुवात आठवली की हे अधिकच खटकते. पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापल्याची कथा इथले प्रत्येक मूल ऐकते. चेहरा विद्रूप करणे म्हणजे माणसांतून उठवणे, हे त्या शिक्षेमागचे गृहीत. १७९२ च्या युद्धात टिपूच्या ताब्यात सापडलेल्या कावसजी या इंग्रज फौजेतल्या बैलगाडीवानाचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी वळवून त्याला नाक बसवले. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत छापून आली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिकडे तीच पद्धत वापरली. कावसजी नाकाविनाही जगलाच असता. तरी त्याच्या नव्या नाकाला चोचला म्हणावे असे आज कोणालाही वाटत नाही.

सरकारी रुग्णालयांतल्या प्लास्टिक सर्जरी विभागांनी जळालेले आणि अपघातातले रुग्ण आधी घ्यावेत, हे मला मान्य आहे. कातडी काढण्याची शस्त्रक्रिया सर्वांना लागते असेही नाही. कंबरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्रण राहतो, जखमेत पाणी साचू शकते, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. वजन निदान काही महिने स्थिर हवे. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. तंबाखू-सिगारेट बंद हवी, प्रथिने आणि लोह पुरेसे हवे, नाहीतर जखम भरत नाही. हे सगळे ऐकून कोणी ‘नको, अशीच राहीन’ म्हणाली तर तो तिचा पूर्ण निर्णय आहे, आणि तिच्या दंडाकडे टक लावून पाहणाऱ्यांनी तो मानला पाहिजे.

पण हे ऐकवायचे कधी? वजन उतरवण्याच्या आधी. संमतीपत्रावर सही घेताना, इंजेक्शन लिहून देताना. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला हे बोलणे आले पाहिजे. आणि ज्यांना आजच त्रास आहे त्यांनी पहिल्या चट्ट्यापासून त्वचारोगतज्ज्ञाकडे नोंद करावी, फोटो आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनिशी जपाव्यात. कारण नियमाने वैद्यकीय गरज ठरवण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र मागितले आहे, आणि दावा नाकारला गेला तर विमा लोकपालापुढे ठेवायला हेच कागद लागतील.