दहाव्या लेण्यातला नमस्कार

आजचा श्लोक गीता ९.२३. दुसऱ्या देवांना श्रद्धेने भजणारेही नकळत मलाच भजतात, असं भगवंत सांगतात. आजवर मला यात फक्त मोठं मन दिसायचं.

रविवारी वेरूळला गेलो. सोबत ऑफिसमधला बौद्ध मित्र. जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं सांभाळतो. दहावं लेणं म्हणजे 'सुतार की झोपडी'. छताला लाकडी वाटाव्यात अशा दगडी फासळ्या, खाली स्तूपापुढे बसलेले बुद्ध. मी हात जोडले आणि सहज बोलून गेलो, "आपलाच नववा अवतार!"

तो हळूच म्हणाला, "अरे, हे मानणार नाही अशी प्रतिज्ञा आजोबांनी घेतलीय. नागपूर, १९५६."

बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांत ती आहे, हे मला माहीत होतं. तरी बोललो. (वर चहाचे पैसेही त्यानेच दिले.)

'मलाच' म्हणणं हा भगवंतांचा अधिकार. तेच मी त्याच्या तोंडावर म्हटलं की तो ताबा होतो. माझा नमस्कार खरा होता, पण त्यावर मी मालकीचं लेबल चिकटवलं.

पुढे कैलास लेण्यात मी शिवलिंगासमोर वाकलो. तो बाजूला थांबला, काहीच बोलला नाही.