पाहुण्याची रात्र ही आपली अमानत



दापोली, मुरूड, श्रीवर्धन या कोकण किनाऱ्यावरील भागांत अनेक कुटुंबे राहत्या घराच्या खोल्या पर्यटकांना एक-दोन रात्रींसाठी भाड्याने देतात. ही कमाई हलाल आहे. मात्र तिच्यासोबत जबाबदारीही येते. अल्लाहवर आणि अंतिम दिनावर ज्याचा ईमान आहे त्याने पाहुण्याचा सन्मान करावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पाहुणा भाडे देतो किंवा तो अन्य धर्माचा आहे, म्हणून ती शिकवण सैल होत नाही.

सन्मान म्हणजे केवळ स्वच्छ चादर आणि रुचकर जेवण नव्हे. कोणती पायरी निसरडी आहे, कोणते बटण झटका देते, हे आपल्याला ठाऊक असते, पाहुण्याला नसते. तो आपल्या भरवशावर मुलाबाळांसह डोळे मिटतो. हा भरवसा म्हणजेच अमानत.

मदीनेत एका रात्री एक घर आतील माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) झोपण्यापूर्वी आग विझवण्याची ताकीद दिली (सहीह बुखारी). कठडा नसलेल्या छतावर झोपणाऱ्यालाही त्यांनी सावध केले (अबू दाऊद). घराच्या सुरक्षिततेचा विचार हा दीनचाच भाग आहे.

आज ही शिकवण कशी पाळावी? गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अंघोळ करणारा माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. सिलिंडरची रबरी नळी मुदतीत बदलावी. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवावे. विहिरीला आणि गच्चीला भक्कम कठडा असावा.

एकदा प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपला नव्हे, असे बजावले (सहीह मुस्लिम). खोलीची सुंदर छायाचित्रे दाखवून डुगडुगता कठडा लपवणे हेही ओले धान्य झाकणेच होय.

दुरुस्तीचा खर्च एखाद्या हंगामाची कमाई खाईल. पण कोणाचे मूल आपल्या विहिरीत पडले, तर कोणत्या हंगामाने त्याची भरपाई होईल? अल्लाहसमोर आपण काय उत्तर देणार? पुढचा पाहुणा येण्यापूर्वी त्याच्या नजरेने एकदा आपले घर पाहा.

अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.