उसना घेतलेला चेहरा

मराठीतले 'काढणे' हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. आपण चित्र काढतो, विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो आणि फोटोही काढतो. यांपैकी फोटोचे काढणे कोणत्या जातीचे, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला नव्हता. उत्तनच्या एका म्हाताऱ्या कोळणीने तो माझ्या पदरात टाकला.

भाईंदरहून उत्तन काही फार लांब नाही. पावसाळा सरला की तिथल्या किनाऱ्यावर बांबूचे मांडव उभे राहतात आणि त्यांवर बोंबील वाळू लागतात. सूर्य कलला म्हणजे त्या ओळी अशा झळकतात की पाहणाऱ्याचे भान हरपावे. सुटीच्या दिवशी मुंबईचे हौशी लोक कॅमेरे घेऊन येतात ते याचसाठी. मीही एकदा, मावळतीचा उजेड अंगावर घेऊन बोंबील टांगणाऱ्या त्या बाईचा फोटो काढला. तिचा नातू आमच्या शाळेतला, म्हणून ती मला ओळखत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मास्तर, इतकी माणसं माझा फोटो काढून नेतात, पण माझ्या घरात माझा एकसुद्धा फोटो नाही."

बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मला फार लागले.

छायाचित्राची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत तिच्या उपासकांचे मंडळ निघाले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी या मंडळात होते. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने शहरातल्या जातीजमातींचा एक ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत काढला. त्यातली गंमत अशी, की माणसांचे फोटो एकीकडे घेतलेले आणि मागचे देखावे दुसरीकडचे. दोन्ही जोडून एक चित्र केलेले! खाली नाव असायचे ते जातीचे. उभा राहिलेला माणूस कोण, त्याच्या मनात काय होते, याची विचारपूसच नाही. तो माणूस नव्हे, मासला होता.

यावर कोणी म्हणेल, खोटा देखावा जोडला हाच त्याचा दोष. पण तसे म्हणावे, तर आपल्या आजोबांच्या स्टुडिओतल्या फोटोचे काय करायचे? त्यांच्या मागे रंगवलेल्या पडद्यावर महाल असतो, कारंजे असते. आजोबांच्या घरी मात्र पावसाळ्यात गळणारे कौलारू छप्पर होते. तरी तो फोटो आपल्याला खोटा वाटत नाही. कारण तो महाल त्यांनी हौसेने निवडलेला असतो. देखावा खरा की खोटा, यापेक्षा तो कोणी निवडला, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा धंदा करीत. बडोद्यात त्यांचा जम बसेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्याने मरण ओढवते, अशी बोलवा होती. आज आपण त्या भोळेपणाला हसतो. पण मला वाटते, त्यांचे निदान चुकले असेल, भीती अगदीच निराधार नव्हती. आपले काहीतरी दुसऱ्याच्या हाती जाते आणि परत येत नाही, एवढे त्यांना नेमके कळले होते.

मग विचारल्यावाचून कोणाचा फोटो काढूच नये काय? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना कॅमेरा घेऊन हिंडले. भुकेने पडलेल्या माणसाला त्यांनी काय विचारायचे होते? ती चित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या पत्रात आली, लोकांचे डोळे उघडले, मदत गोळा झाली. तिथे घेतलेला चेहरा उसना होता आणि उसने फेडण्याची खटपटही होती. माझ्या फोटोत काय होते? सूर्यास्त होता आणि मित्रांची वाहवा होती. मी फेडले काहीच नव्हते.

म्हणून तो फोटो मोठा करून घेतला आणि तिच्या घरी नेऊन दिला. बराच वेळ न्याहाळून ती म्हणाली, "केस तरी बांधू द्यायचे होते, मास्तर!" मग ती आत गेली आणि ठेवणीतले लुगडे, गळ्यात सोन्याची माळ असा साज करून दारात येऊन उभी राहिली. मान ताठ, हात सरळ, चेहऱ्यावर हसू नाही. बोंबील नाहीत, समुद्र नाही. मी सांगेल तसा फोटो काढला.

पूर्वी काचेवर प्रकाश उमटायला वेळ लागे, म्हणून माणसे ताठ बसत, असे सांगतात. पण ती अडचण गेल्यावरही आपली माणसे ताठच बसत राहिली. मी त्याला अवघडलेपण समजत होतो. त्या दारात मला कळले, की फोटोतला तेवढा वाटा माणसाने स्वतःसाठी राखून ठेवलेला असतो.

कला म्हणून पाहाल, तर माझा पहिला फोटो सरस आहे, हे मी आजही नाकारणार नाही. दुसरा कोणत्याही प्रदर्शनात लागणार नाही. तो तिच्या घरातल्या भिंतीवर लागला आहे. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन गेलो, तेव्हा शेजारणीला तो दाखवून ती म्हणत होती, "ही मी."