सर्वहित आणि इमेरातचे मंदिर

‘सर्वहित’ हा ख्रिस्तसभेचा आवडता शब्द आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर कायद्याच्या व्याख्येतच त्याला स्थान दिले. परंतु हाच शब्द एखाद्या मंदिरावर चालून आला, तर आम्ही काय म्हणावे? जर्मनीतील इमेरात गावाने हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला आहे.

तेथील ऱ्हाईन प्रदेशाच्या भूमीत लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा आहे. त्याचे निम्मे वजन पाण्याचेच असते. तो दूर वाहून नेणे परवडत नाही. म्हणून वीजकेंद्रे खाणीजवळ उभारतात, आणि उघडी खाण माती खरवडीत, गावे गिळीत पुढे सरकते. इमेरातचे संत लाम्बर्ट यांचे दोन मनोऱ्यांचे मंदिर १८९१ मध्ये पूर्ण झाले होते. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथे अखेरचा मिस्साबली अर्पण झाला आणि मंदिराचे पवित्र स्थान विधिपूर्वक काढून घेण्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये यंत्रांनी ते पाडले. गावकरी नव्या वसाहतीत गेले. दफनभूमीतील त्यांचे मृतही हलविण्यात आले.

यात बेकायदा काही नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ही खाण सर्वहिताचीच ठरविली. वीज सर्वांना लागते, हे आम्ही नाकारीत नाही. महाराष्ट्रातील आमच्या मंदिरांतले दिवेही बव्हंशी कोळशावरच उजळतात. तेव्हा त्याग मागणाऱ्याला निव्वळ लोभी म्हणून मोकळे होता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कोळशासारखी इंधने विनाविलंब मागे सारण्यास सांगितले, तेव्हा मंदिर उभे होते. २०२२ च्या कराराने या प्रदेशातील लिग्नाइटचा वापर २०३० मध्ये थांबविण्याचे ठरले आणि पाच गावे वाचली. भूमी तीच, कोळसाही तोच. सर्वहिताचा अर्थ मात्र पालटला. जे परत देता येत नाही ते मागणाऱ्यावर पुराव्याचा भार अधिक असावा, आणि ‘सर्व’ या शब्दात अजून न जन्मलेलेही मोजावेत, असे आम्हांस वाटते. इमेरातच्या वेळी त्यांची गणती कोणी केली?

कायेनबर्ग हे वाचलेल्या पाचांपैकी एक. तेथील मंदिराचेही पवित्र स्थान २०२१ मध्ये काढून घेण्यात आले होते. गाव वाचले तोवर बहुतेक रहिवासी घरे विकून निघून गेले होते.