वस्तादांची घागर

उसाचा हंगाम तोंडावर आला होता. जयसिंगपूरच्या बाहेर एका मोकळ्या मैदानात शिरोळ तालुक्यातली दोन पोरं ट्रेलर चालवायला शिकत होती. दोघांची २० वर्षं भरलेली, हलक्या गाडीचं लायसन काढून वर्ष उलटलेलं. म्हणून हेवीचं शिकाऊ लायसन हातात आलं होतं. ३० दिवसांनंतर परीक्षा देता येणार होती. पण त्याआधी ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो, आणि तो वस्तादांच्या शब्दावर मिळायचा.

पहिल्याच दिवशी वस्ताद म्हणाले, "रिव्हर्स घेताना ट्रेलरचं मागलं टोक उजवीकडं न्यायचं, तर स्टेअरिंग आधी डावीकडं फिरवायचं. आणि मागचं दिसत न्हाई, तर गाडी थांबवून खाली उतरायचं. उतरायला पैसं पडत न्हाईत."

थोरल्याचा हात लवकर बसला. धाकटा मात्र सारखा थांबे, उतरे, ट्रेलरभोवती फेरी मारून पुन्हा चढे.

थोरला म्हणे, "असा उतरत बसलास, तर कारखान्याच्या काट्यावर मागची रांग शिव्या घालील."

धाकटा ऐकून घेई आणि पुन्हा उतरे.

शेवटच्या दिवशी वस्तादांनी फक्कीच्या रेघा मारल्या आणि धाकट्याला चहाच्या गाड्यावर धाडलं. थोरल्यानं एका दमात ट्रेलर मागं घेतला. रेघेला चाक लागलं नाही. हसत खाली उतरला, तर मागच्या चाकाखाली पितळी घागर चेपलेली.

"वस्ताद, ही आरशात दिसत नव्हती!"

"दिसत न्हवती, म्हणूनच ठेवली. ट्रेलर वळला की मागचा कोपरा कुठल्याच आरशात येत न्हाई. हंगामात तोडकऱ्यांची पोरं गाड्यांच्या आसपासच खेळत असतात. तिथं घागर नसती, पोरा."

थोरल्याची मान खाली गेली.

मग धाकट्याला बोलावलं. दुसरी घागर तिथंच ठेवलेली. अर्ध्यात ट्रेलर वळला, मागचं दिसेना, तसा तो थांबला. उतरून घागर उचलली, बाजूला ठेवली आणि पुन्हा चढला. ट्रेलर थोडा वाकडा लागला. पुढं घेऊन त्यानं तो सरळ केला.

वस्तादांनी त्याच्या दाखल्याला होकार दिला. थोरल्याला म्हणाले, "हात तुझाच चांगला हाय. पर आणखी पंधरा दिवस ये. आता फकस्त उतरायला शिकायचं."

थोरला रोज आला. पंधरा दिवसांनी त्यालाही दाखला मिळाला, आणि त्या हंगामात दोघंही उसाच्या गाडीवर चढले.

तात्पर्य : हात कितीही बसलेला असो, जे दिसत नाही ते उतरून बघावं. त्यात कमीपणा नाही; त्यानं दुसऱ्याचा जीव वाचतो.