पंडिता रमाबाई आणि ‘स्त्री’ हे नाव

डेनिस रायली या इंग्लंडमधील कवयित्री व स्त्रीवादी तत्त्वचिंतक. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका ग्रंथाचे नाव शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकातील एका प्रश्नावरून घेतले आहे. नवऱ्याने बदनामीचा शब्द लादला तेव्हा डेस्डेमोना विचारते, ते नाव माझे आहे काय? रायली हाच प्रश्न ‘स्त्री’ या शब्दाविषयी विचारतात. प्रत्येक काळाने या शब्दात निराळा अर्थ भरला. हक्क मागताना या शब्दावाचून चालत नाही, आणि जिवंत माणूस तर त्यात पुरता मावत नाही.

हा दूरदेशीचा वाद आहे, असे वाचकांनी म्हणू नये. आपल्या पंडिता रमाबाईंना तो शंभर वर्षे आधी सोसावा लागला. केलगेरी-धारवाडकडे कानडी मुलखात राहून घरात मराठी बोलणाऱ्या आम्हांला त्या विशेष जवळच्या वाटतात. त्यांचा जन्मही 1858 साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात, मराठी घरात झाला.

शब्बाथ शाळेत आपण त्यांचे कोणते चित्र उभे करतो? 1896-97 च्या दुष्काळातील मुलींना पोटाशी धरणारी केडगावची आई. चित्र खरे आहे, पण अर्धे आहे. 1881 साली बर्लिनच्या प्राच्यविद्या परिषदेत ज्यांचे संस्कृत काव्य वाचले गेले, 1882 साली हंटर कमिशनपुढे ज्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत अशी साक्ष दिली, त्या विचारी रमाबाई चित्राबाहेरच राहतात.

1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवावे काय, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील बिशपांचे मत प्रतिकूल पडले. हिंदी स्त्रीने असे केले तर स्वदेशात तिचे वजन राहणार नाही, असे सांगण्यात आले. रमाबाईंना आश्चर्य वाटले. त्यांच्या आईने तरुण पुरुषांना शिकवले तेव्हा शास्त्री असलेल्या वडिलांनी हरकत घेतली नव्हती, त्यांना स्वतःला पतीनेही अडवले नव्हते, आणि आता इंग्रज ख्रिस्ती माणसे अडवीत होती! एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसरे तसलेच जू मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले.

भगिनी जेराल्डिन यांना यात गर्व दिसला. त्यांची माया खोटी नव्हती, हे आम्ही मुद्दाम लिहितो. नम्रता हा ख्रिस्ती सद्गुणच आहे. तर मग विवेकबुद्धी कोणती आणि हट्ट कोणता, हे ओळखावे कसे? आम्हांला वाटते, हट्ट माणसाची सोय पाहतो. रमाबाईंच्या विवेकाने त्यांच्याकडून अधिकच मागितले. 1889 साली शारदा सदन, मग केडगावचे मुक्ती मिशन, हिब्रू व ग्रीक शिकून साध्या माणसांच्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर. 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या, आणि ते शास्त्र 1924 साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. छापखान्यातील कामही तिथल्या स्त्रियांच्याच हातचे.

स्त्रीने मंडळीत गप्प राहावे, हे सांगताना पौलाच्या पत्राचा आधार पुष्कळ वेळा दिला जातो. प्रेषितांच्या कृत्यांतील अठराव्या अध्यायाची आठवण मात्र क्वचितच होते. तेथे वक्तृत्वसंपन्न अपुल्लोला प्रिस्किल्ला व तिचा पती घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देतात. अपुल्लोने काही हरकत घेतल्याचे लूक लिहीत नाही. पौलाला ही दोघे चांगली ठाऊक होती. त्यांना तो सहकारी म्हणतो.

चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 साली ई. पुष्पा ललिता यांना बिशपपद दिले. तरी कित्येक मंडळ्यांत हुशार मुलीच्या वाट्याला वेदीवरची फुले आणि सभेनंतरचा चहा येतो, आणि वर्गात तिने दोनदा ‘का?’ विचारले की ती उद्धट ठरते. त्या वर्गात रमाबाईंचा धडा घेताना चेल्टनहॅमचा हा पत्रव्यवहार जरूर सांगावा. 1977 साली तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत आहे, म्हणून शिक्षकाने आधी स्वतः वाचून मराठीत सांगावा, आणि मुलींना हवे तितके प्रश्न विचारू द्यावेत.